बालाघाटचा गाळ आणि खोल समुद्रातलं तेल

बालाघाटच्या रांगेवर पडलेला पाऊस धाराशिव जिल्ह्यात दोन वाटांनी निघतो. तेरणा आणि मांजरा नद्यांकडे वळलेलं पाणी पुढे गोदावरीला मिळतं. परंडा-भूमकडची सीना आणि नळदुर्गच्या किल्ल्याला बिलगून जाणारी बोरी यांचं पाणी भीमेतून कृष्णेत जातं. शेत कोणत्याही उतारावर असो, तिथून धुपून गेलेली माती अखेरीस पूर्वेकडेच जाते. आज वाटेत धरणं उभी आहेत, ती बराचसा गाळ अडवतात. पण धरणं आली ती गेल्या शंभर-दीडशे वर्षांत. त्याआधी लक्षावधी वर्षं दख्खनचा काळा कातळ झिजत होता आणि त्याचा गाळ बंगालच्या उपसागरात, आंध्रच्या किनाऱ्यासमोर थरावर थर रचत होता. या गाळाच्या ओझ्याखाली अधिक जुन्या थरांमधले सेंद्रिय अवशेष तापले, दाबले गेले आणि त्यांचं तेल व वायू झाला. भूशास्त्रज्ञ या प्रदेशाला कृष्णा-गोदावरी खोरं म्हणतात.

याच खोऱ्यात, काकीनाड्याच्या किनाऱ्यासमोर, ७ जानेवारी २०२४ रोजी ओएनजीसीने खोल समुद्रातल्या एका नव्या क्षेत्रातून पहिलं तेल काढलं. त्या पट्ट्याचं सरकारी नाव केजी-डीडब्ल्यूएन-९८/२. पट्टा मोठा आहे आणि त्यात समुद्राची खोली ३०० मीटरपासून ३,२०० मीटरपर्यंत जाते. मुंबईच्या पश्चिमेला असलेल्या मुंबई हाय या जुन्या तेलक्षेत्रावर पाणी ७५ मीटरच्या आसपास आहे. तिथे समुद्रतळावर पोलादी पाय रोवून फलाट उभा करता येतो. हजार-दोन हजार मीटर पाण्यात असे पाय रोवणं शक्य नसतं. म्हणून विहिरींची तोंडं आणि झडपा समुद्रतळावरच बसवतात, नळ्या वर आणतात आणि पाण्यावर नांगरलेल्या एका प्रचंड जहाजात तेल, वायू व पाणी वेगळं करतात. तेल त्याच जहाजाच्या पोटात साठवतात आणि तिथूनच टँकरमध्ये भरतात. या तरंगत्या कारखान्याला तेलक्षेत्रातले लोक एफपीएसओ म्हणतात. काकीनाड्यासमोरच्या जहाजाचं नाव आर्माडा स्टर्लिंग-५.

असं क्षेत्र उभारायला दहा-दहा वर्षं लागतात आणि ते पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. म्हणून आज आखलेल्या क्षेत्राबद्दल एक प्रश्न विचारायलाच हवा: ते चालताना हवेत किती कार्बन सोडणार? भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आहे आणि दुसरीकडे आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. देशाला स्वतःचं तेल हवं आहे, ही गरज खरी आहे. उन्हाळे लांबताहेत आणि पावसाचा भरवसा उरलेला नाही, हेही तितकंच खरं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. या दोन गोष्टी एकत्र धरून तेलक्षेत्र कसं आखता येतं, ते या प्रकरणात पाहू.

एका पिंपाचा हिशेब

आधी मोठा आकडा. कच्च्या तेलाचं एक पिंप म्हणजे १५९ लिटर. ते शुद्ध होऊन डिझेल, पेट्रोल, रॉकेल अशा रूपांत जळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ट्रॅक्टरमध्ये एक लिटर डिझेल जळलं तर सुमारे २.७ किलो. हा भाग तेल काढणाऱ्याच्या हातात नसतो. तेल नॉर्वेचं असो, आखाताचं असो किंवा काकीनाड्याचं, ते जळताना तेवढाच वायू देतं.

तेल काढणाऱ्याच्या हातात असतो तो आधीचा भाग. जगाच्या सरासरीने एक पिंप तेल जमिनीतून वर आणायला १५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. ४३० पुढे १५ म्हणजे किरकोळ वाटेल. पण त्यात गळणारा मिथेन मिळवा, वाहतूक आणि शुद्धीकरण मिळवा, मग चित्र पालटतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये तेल आणि वायू काढणं, शुद्ध करणं व पोहोचवणं एवढ्याच कामातून ५१० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. ऊर्जाक्षेत्राच्या जागतिक उत्सर्जनाच्या हे जवळजवळ १५ टक्के आहे. भारताचं वर्षभराचं एकूण उत्सर्जन याहून कमी भरतं. कोणाची गाडी चालली नाही, कोणाचा दिवा लागला नाही, त्याआधीच एवढा धूर होऊन गेलेला असतो. तो वाचवला तर कोणाचंच काही अडत नाही, म्हणून तो वाचवण्याला मी सर्वांत आधीचा क्रम देतो.

स्वतःचंच इंधन

हा धूर येतो कुठून? धाराशिवच्या वाचकाला ते साखर कारखान्यावरून चटकन कळेल. ऊस गाळल्यावर उरलेला भुसा कारखाना स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतो, त्या वाफेवर गिरण्या फिरतात आणि रस आटतो. भुसा आपलाच, फुकटचा, म्हणून जुन्या कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो कसाही जळत असे, त्याची कोणी फिकीर करत नसे. उच्च दाबाचे बॉयलर आले, उरलेली वीज विकता येऊ लागली, तेव्हा त्याच भुशाला किंमत आली. समुद्रातल्या तेलक्षेत्राचंही तसंच आहे. तेलाबरोबर वायू वर येतो, त्यातला थोडा जहाजावरच्या गॅस टर्बाइनमध्ये जाळून सगळी यंत्रं चालवतात. इंधन घरचं, म्हणून वर्षानुवर्षं त्याचा हिशेब सैल राहिला.

खोल समुद्रातल्या जहाजावर सर्वांत जास्त कार्बन याच टर्बाइनांमधून येतो. साध्या टर्बाइनमध्ये इंधनातल्या उष्णतेपैकी ३०-३५ टक्क्यांचीच वीज होते, बाकीची धुराड्यातून जाते. शिवाय एक टर्बाइन अचानक बंद पडलं तर काम थांबू नये म्हणून दोन-तीन टर्बाइनं अर्ध्या भारावर फिरती ठेवण्याची रीत आहे, आणि अर्ध्या भारावर टर्बाइन आणखी उधळं होतं. इथे सुधारणा आखणीच्या टेबलावरच करावी लागते. धुराड्यातली उष्णता पकडून तेल तापवायला वापरायची, तिच्यापासून वाफ करून आणखी वीज काढायची, राखीव यंत्राच्या जागी बॅटरी ठेवायची, पंपांना गरजेइतकाच वेग देणाऱ्या मोटारी बसवायच्या. यातलं काहीही अद्भुत नाही. अडचण वजनाची आणि जागेची आहे. जहाजाच्या डेकवर प्रत्येक चौरस मीटरला भांडण असतं. उष्णता पकडणाऱ्या बॉयलरला नकाशात जागा ठेवली नाही, तर दहा वर्षांनी ती सापडत नाही.

मुंबई हायची ज्योत

आखणीत आधीच जागा ठेवली नाही तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला आहे. 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तराफ्याने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात तेल शोधलं. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. दोन वर्षांत तेल हाती आलं, हा वेग आजही थक्क करतो, आणि ज्यांनी ते केलं त्यांचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं. तेल संकटाने देश हैराण झाला होता. घाई समजण्यासारखी होती.

पण तेलाबरोबर येणाऱ्या वायूला तेव्हा घर नव्हतं. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं, वायू तसा सहज नेता येत नाही. उरणपर्यंत समुद्राखालून नळ १९७८ मध्ये पोहोचले. तरीही वायू घेणारे पुरेसे नव्हते. आरसीएफचा थळचा युरिया कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला, हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणारी मोठी वाहिनी त्याही नंतरची. तोवर समुद्रात, उंच दांड्याच्या टोकाला, वायूचा मोठा हिस्सा रात्रंदिवस जळत राहिला. या जाळण्याला फ्लेअरिंग म्हणतात. त्या ज्योतीत काय जात होतं, ते कळंबच्या बाजारात युरियाची गोणी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला सांगायला हवं होतं: मुंबई हायच्या वायूपासूनच पुढे थळला युरिया झाला आणि उरणला त्याच वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा निघू लागला. नळ आणि गिऱ्हाईक यांची आखणी विहिरीच्या बरोबरीने झाली असती, तर तो वायू मातीत आणि चुलीवर गेला असता.

वायू का जाळावा लागतो हे नीट पाहायचं तर विहिरीतून वर आलेल्या मिश्रणाबरोबर जहाजावर फिरायला हवं. ते येतं तेव्हा त्याच्यावर दाब असतो. पहिल्या आडव्या टाकीत दाब थोडा उतरवतात, सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे उठतात, वायू वर जातो, पाणी खाली बसतं, तेल मधून पुढे सरकतं. दुसऱ्या टाकीत दाब आणखी उतरतो आणि आणखी वायू सुटतो. शेवटच्या टाकीत दाब हवेच्या दाबाजवळ येतो, कारण जहाजाच्या कोठीत शांत, न उकळणारं तेलच साठवता येतं. पहिल्या टाकीतला वायू दाबाखालीच असल्याने तो नळात ढकलणं सोपं. शेवटच्या टाकीतला वायू थोडा, ओला आणि दाब नसलेला. तो परत वर चढवायला छोटे कॉम्प्रेसर लागतात, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की सगळ्यांत आधी कात्री लागते ती यांनाच. मग तो वायू सरळ ज्योतीकडे जातो. कोठीतल्या तेलावर साठणारी वाफही तशीच हवेत सुटते.

नव्या आखणीत हे दोन्ही प्रवाह पकडतात. ज्योतीकडे जाणाऱ्या नळावर एक झडप बसवतात, ती एरवी बंद असते. आत आलेला वायू कॉम्प्रेसर परत प्रक्रियेत नेतो. दांड्यावरची ज्योत कायम जळत नाही. संकटात दाब एकदम वाढला तर झडप उघडते आणि ठिणगी त्या क्षणी पेटते. संकटासाठी ही सोय ठेवावीच लागते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर फलाटाला लागलेल्या आगीत २२ माणसं गेली. वायूचा दाब सुरक्षित वाटेने बाहेर काढण्याची सोय कोणी काढून टाकावी असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न आहे तो रोजच्या, सवयीच्या जाळण्याचा.

ज्योतीत वायू पुरता जळतो, असं उद्योग धरून चालतो: ९८ टक्के. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमाप करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विझलेल्या ज्योती धरून, हे प्रमाण ९१ टक्के निघालं. फरक सात टक्क्यांचा, पण न जळलेला वायू म्हणजे मिथेन, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. विझलेली ज्योत पेटत्या ज्योतीपेक्षा वाईट असते, ती दिसत नाही म्हणून तर अधिकच.

आखणी चांगली असली तरी यंत्राने साथ दिली पाहिजे. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशासमोर खोल समुद्रात लिझा क्षेत्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. तिथे नेहमीचं फ्लेअरिंग करायचंच नाही, वायू परत जमिनीत दाबायचा, असं ठरलेलं होतं. पण वायूचा कॉम्प्रेसर पुनःपुन्हा बिघडला आणि महिनोन्‌महिने वायू जळत राहिला. तेल मात्र थांबलं नाही. शेवटी त्या लहानशा देशाच्या सरकारने ठरावीक मुदतीपलीकडच्या जाळण्यावर टनामागे शुल्क लावलं. मला यातली शिकवण स्पष्ट दिसते: कॉम्प्रेसर बंद पडला तर तेलाचा प्रवाहही कमी करायचा, अशी अट परवान्यातच असायला हवी. कागदावरच्या शून्याला एरवी काही अर्थ राहत नाही.

किनाऱ्यावरून वीज, पण कुठली?

टर्बाइनच नको, किनाऱ्यावरून वीज आणा, हा सर्वांत मोठा उपाय नॉर्वेने केला. नॉर्वेने १९९१ पासूनच समुद्रातल्या कार्बनवर कर बसवला होता, त्यामुळे तिथे प्रत्येक टन वाचवणं फायद्याचं ठरतं. उत्तर समुद्रातलं योहान स्वेर्द्रुप क्षेत्र २०१९ मध्ये सुरू झालं. ते किनाऱ्यापासून साधारण मुंबई हायइतकंच दूर आहे. समुद्राखालून टाकलेल्या उच्चदाब एकदिश केबलमधून त्याला वीज मिळते आणि एका पिंपामागे ०.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, एवढाच हिशेब कंपनी देते. जागतिक सरासरी १५ किलो, हे लक्षात घ्या.

मग मुंबई हायला उरणहून वीज का नेऊ नये? इथे आकडे मांडून पाहावेत. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये अजून बहुतांश कोळसा आहे, आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. फलाटावरच्या साध्या गॅस टर्बाइनला एका युनिटमागे ०.६ किलोच्या आसपास. म्हणजे आज केबल टाकली तर समुद्रातला धूर थांबेल आणि तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघेल. कंपनीचा अहवाल स्वच्छ दिसेल, हवा नाही.

यावर कोणी म्हणेल, धाराशिवच्या पवनचक्क्यांची वीज द्या. वाशी, भूम, कळंब, तुळजापूरच्या माळांवर गेल्या काही वर्षांत उंच पाती उभी राहिली आहेत, कौडगावला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. करार करून ही वीज कागदोपत्री समुद्रात नेता येईल. पण वाशीच्या माळावरचं एक युनिट गावच्या ग्रिडमध्ये राहिलं तर ते कोळशाचं युनिट हटवतं, आणि कोळशाच्या एका युनिटमागे किलोभर कार्बन वाचतो. तेच युनिट समुद्रात नेलं तर ०.६ किलो वाचतो. जोवर परळीची चिमणी चालू आहे, तोवर आपल्या वाऱ्याची जागा जमिनीवर आहे. ग्रिडमधला कोळसा निम्म्याहून खाली येईल तेव्हा हा हिशेब फिरेल, आणि म्हणून आज बांधल्या जाणाऱ्या फलाटावर व जहाजावर उद्याच्या केबलसाठी जागा आणि जोडणी ठेवणं शहाणपणाचं आहे.

किनाऱ्यावर अवलंबून न राहण्याची एक वाट नॉर्वेनेच दाखवली. स्नोरे आणि गुलफाक्स या जुन्या क्षेत्रांजवळ, २६० ते ३०० मीटर खोल पाण्यात, हायविंड टॅम्पेन या नावाने अकरा तरंगत्या पवनचक्क्या बसवल्या आहेत. एकूण ८८ मेगावॅट. त्या फलाटांना लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ३५ टक्के वीज देतात. वारा पडला की टर्बाइन पुन्हा सुरू करावं लागतं, म्हणून टर्बाइन काढून टाकता आलेलं नाही. आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर चक्रीवादळांचा मार असतो. मे २०२१ मध्ये तौक्तेने मुंबई हायजवळ पी-३०५ तराफा बुडवला आणि कितीतरी कामगारांचे जीव गेले. इथे तरंगती पाती उभी करायची तर त्या वाऱ्याचा विचार आधी करावा लागेल.

समुद्रतळावरची थंडी

काकीनाड्यासमोरच्या क्षेत्राची एक गोष्ट मला फार आवडते. तिथलं तेल मेणचट आहे. खोल समुद्राच्या तळाशी पाणी ४-५ अंशांपर्यंत थंड असतं. त्या थंडीत असं तेल नळातच घट्ट होऊ लागतं आणि वाट बंद होते. ते वाहतं ठेवायचं तर तापवावं लागतं किंवा रसायनं ओतावी लागतात, म्हणजे पुन्हा इंधन, पुन्हा धूर. ओएनजीसीने इथे नळात नळ घातला: आतल्या नळातून गरम तेल जातं, बाहेरचा नळ थंड पाण्याला दूर ठेवतो आणि दोन्हींमधल्या पोकळीत उष्णतारोधक थर असतो. तेल भूगर्भातूनच उष्णता घेऊन येतं, ती वाटेत हरवू दिली नाही की झालं. भारतात हे तंत्र प्रथमच वापरलं गेलं. मुळात ते तेल वाहतं राहावं म्हणून केलं, कार्बनसाठी नव्हे. पण जिथे उष्णता राखली जाते तिथे इंधनही वाचतं.

दुसरी बाब पाण्याची. तेलक्षेत्र म्हातारं होतं तसं त्यातून तेलापेक्षा पाणी जास्त येऊ लागतं. ते वर आणायला, तेलापासून तोडायला, आणि भूगर्भातला दाब टिकावा म्हणून नवीन पाणी खाली दाबायला प्रचंड पंप लागतात. त्यामुळे जुन्या क्षेत्रात पिंपामागचा कार्बन वर्षागणिक चढत जातो. मुंबई हायच्या चुनखडकातही बराच काळ पाणी दाबलं जात आहे. यावर उपाय म्हणून पाणी समुद्रतळावरच वेगळं करून तिथूनच परत खाली घालवण्याची, आणि पंप व कॉम्प्रेसर तळावरच बसवण्याची यंत्रणा निघाली आहे. नॉर्वेच्या ओस्गार्ड क्षेत्रात वायूचे कॉम्प्रेसर २०१५ पासून समुद्रतळावर चालू आहेत. पाणी तळावरच वेगळं झालं की त्याचा भार हजार मीटर वर उचलून पुन्हा खाली सोडण्याचा खटाटोप टळतो.

पकडलेला कार्बन ठेवायचा कुठे

काही क्षेत्रांत वायूबरोबर खालूनच कार्बन डायऑक्साइड येतो. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात तो सुमारे ९ टक्के होता. कर भरण्यापेक्षा तो पुन्हा गाडणं परवडलं, म्हणून १९९६ पासून तो समुद्राखालच्या वाळूच्या थरात दाबला जातो, सुरुवातीची बरीच वर्षं दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास. ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर, दोन हजार मीटर पाण्याखालच्या मिठाच्या थरांच्याही खाली असलेल्या तेलात कार्बन डायऑक्साइड भरपूर आहे. तिथल्या जहाजांवर तो पडद्यांमधून गाळून परत तेलाच्याच थरात घालतात. यात कार्बन गाडला जातो आणि तेलालाही रेटा मिळून ते जास्त निघतं. दुसरा फायदा कंपनीचा आहे, हवेचा नाही. हिशेब लिहिताना दोन्ही वेगळे लिहिले पाहिजेत.

आपल्याकडे या संदर्भात बसाल्टचं, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचं, नाव हल्ली वारंवार निघतं. हाच पाषाण पश्चिम समुद्रात तेलाच्या चुनखडकांखालीही पसरलेला आहे. धाराशिवमध्ये विहीर खोदताना सच्छिद्र खडकाचा थर लागला की त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक चमकताना दिसतात. त्यांतल्या काहींवर आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो. ते कॅल्साइट: खडकातल्या कॅल्शियमने पाण्यातला कार्बन धरून ठेवला आणि त्याचा दगड केला. निसर्गाचं हे काम माणसाने आइसलँडमध्ये २०१२ साली मुद्दाम करून पाहिलं. कार्बफिक्स प्रयोगात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन दगड झालेला आढळला. शास्त्रज्ञांना शतकं लागतील असं वाटत होतं, म्हणून हा निकाल मोठा.

मग आपल्या जिल्ह्याच्या पोटात समुद्रातला कार्बन साठवावा का? माझं उत्तर सरळ आहे: नाही. त्या पद्धतीत एक टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे २५ टन पाणी लागतं, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावांकडे ते मागणं अन्यायाचं आहे. पाणी न वापरता दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड घालायचा तर त्याला साधारण ८०० मीटरची खोली हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी जे ६१७ मीटरचं छिद्र पाडलं, त्यात काळा पाषाण ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी कातळ. आणि भूकंपाच्या त्या पहाटे किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही पडलं होतं. जिथे जमीन एकदा अशी हलली, तिथे दाबाखाली काही सोडण्याआधी शंभरदा विचार करावा. समुद्रातला कार्बन समुद्राखालच्याच रिकाम्या झालेल्या थरांत किंवा तिथल्या बसाल्टमध्ये जावा, तिथे पाणीही आहे आणि माणसांची घरंही नाहीत.

तारखा आणि नजर

नेहमीचं फ्लेअरिंग २०३० पर्यंत बंद करण्याचा जागतिक बँकेचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. तरी २०२३ मध्ये जगभरात १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. ओएनजीसीने स्वतःच्या कामातून होणारं उत्सर्जन २०३८ पर्यंत निव्वळ शून्य करायचं ठरवलं आहे. या घोषणेत विकलेलं तेल जळून होणारा धूर धरलेला नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. तरीही ती खरी उतरावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण जे तेल निघणारच आहे ते निदान कमी नासाडी करून निघावं.

'स्वच्छ तेल' असं काही नसतं. नॉर्वेचं ०.६७ किलोचं पिंपही जळताना तेच ४३० किलो सोडतं, आणि ते कमी करण्याचा मार्ग कमी तेल जाळण्यातूनच जातो. पण दोन क्षेत्रं आज आखली जात असतील, एकात शेवटच्या टाकीवरचा कॉम्प्रेसर, बंद ज्योत आणि केबलची जागा नकाशात आहे, दुसऱ्यात नाही, तर पंचवीस वर्षांत त्या दोहोंत लाखो टनांचा फरक पडतो, आणि तो फरक पहिली विहीर खोदण्याआधीच ठरून गेलेला असतो.

यावर नजर ठेवायला आता समुद्रात जावं लागत नाही. उपग्रहांना जमिनीवरची आणि समुद्रावरची उष्ण ठिकाणं रात्रीही दिसतात, आणि नासाचा 'फर्म्स' हा नकाशा कोणालाही फुकट पाहता येतो. धाराशिवच्या किंवा उमरग्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तो उघडावा, मुंबईच्या पश्चिमेकडचे आणि काकीनाड्यासमोरचे लाल ठिपके महिन्यामागून महिना मोजावेत, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या आकड्यांशी ताडून पाहावेत.